न सुटणारं नाक

नाटकात मला नायकाचं काम मिळालं ते माझ्या अभिनयामुळे, अशी माझी पक्की समजूत होती. ही समजूत पावाच्या दुकानात गेली. आमच्या मोंतेराक गावात बहुतेकांच्या समजुती तिथेच जातात. सकाळी सगळं गाव तिथे रांगेत उभं असतं, आणि मादाम बेगे लांबडा पाव कागदात गुंडाळता गुंडाळता प्रत्येकाला त्याच्याविषयी गावाचं काय मत आहे ते सांगून टाकतात.

"अभिनंदन हो, मस्यू लाबात," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच घेतलं ते फार बरं झालं. मंडळाचा केवढा खर्च वाचला."

"कसला खर्च?"

"नाकाचा," मादाम बेगे म्हणाल्या, आणि माझ्या मागच्या माणसाला विचारलं, "तुम्हाला काय देऊ?"

इथे नाटकाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. त्याचं नाव आमच्या भागात कोणी घेत नाही, नुसतं 'नाकाचं नाटक' म्हटलं की पुरतं. नायक तलवारीत पट्टीचा, जिभेला तिच्याहून धार, वर कवी. पण नाक असं की ज्या बाईवर जीव जडला तिला सांगायची छाती होत नाही. मग तो एका देखण्या पण ठोंब्या शिपायाच्या आडून तिच्याशी बोलतो, त्याच्या नावानं पत्रं लिहितो, आणि तिला खरं काय ते कळतं तेव्हा हा मरायला टेकलेला असतो. नायक दक्षिण फ्रान्समधल्या गॅस्कनीचा, त्याची पलटण गॅस्कनीची, आणि आम्हीही गॅस्कनीचे. त्यामुळे मोंतेराकमधला प्रत्येक माणूस त्याच्याबद्दल सख्ख्या मामाबद्दल बोलावं तसं बोलतो. पॅरिसवाल्यांनी तो कितीदा रंगमंचावर आणि पडद्यावर आणला असला तरी तो त्यांना जमलेला नाही, याबद्दल गावात दुमत नाही.

आता माझ्या नाकाबद्दल. ते मोठं नाही, ठसठशीत आहे. माझं चष्म्यांचं दुकान आहे. गावातलं प्रत्येक नाक मी वीतभर अंतरावरून पाहिलेलं आहे, तेव्हा हे मी धंद्याच्या अनुभवानं सांगतो. माझ्या नाकावरून चष्मा घसरत नाही. किती लोकांना असं म्हणता येईल?

घरी जाऊन मी हा सगळा प्रकार ओदीलला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितला. ती मंडळाची प्रॉम्प्टर आहे, त्यामुळे भूमिका कोणाला का मिळते हे तिला आधीच कळतं. ती शांतपणे पावाला लोणी लावत राहिली.

"मग तुला काय वाटलं होतं, कशामुळे घेतलं?" तिनं विचारलं.

त्याच क्षणी मी ठरवलं की मी खोटं नाक लावणार. भलंमोठं. म्हणजे ते पाहिल्यावर गावाला कळेल की नायकाचं नाक म्हणजे काय चीज असते आणि माझं स्वतःचं त्याच्यापुढे किती सामान्य आहे. तालमीला गेल्या गेल्या मी हे दिग्दर्शिकेला सांगितलं.

आमच्या दिग्दर्शिका मादाम फुर्काद. त्यांनी मला शाळेत लॅटिन शिकवलं. मी पन्नाशी ओलांडली, पण त्या समोर आल्या की आजही खिशातले हात बाहेर काढतो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. चष्मा माझ्याच दुकानातला.

"आर्माँ, नाक लावायचं म्हणतोस, पण लावणार कशावर?"

"नाकावर, मादाम."

"जागा आहे का?"

सगळं मंडळ हसलं. देखण्या शिपायाचं काम करणारा तिएरी जरा उशिरा हसला. तिएरी खाटीक आहे. दिसतो असा, की बायका त्याच्याकडे बदकाची तंगडी घ्यायला जातात आणि अख्खं बदक घेऊन येतात. फक्त त्याला काही पाठ होत नाही.

पण मी हट्ट सोडला नाही, आणि बातमी फुटल्यावर सल्ले सुरू झाले. नाक कसं असावं याबद्दल मोंतेराकमध्ये इतकी मतं असतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिएरीच्या आजीनं जुना काळा-पांढरा सिनेमा पाहिला होता, तिच्या मते नाक पोपटासारखं खाली वळलेलं हवं. पोस्टमास्तरांनी रंगीत सिनेमा पाहिला होता, ते म्हणाले, नाक सरळ हवं, टोकाला थोडं फुगलेलं, वांग्यासारखं. टीव्हीवर मालिका झाली होती तीत नाक प्रत्येक भागात निराळं होतं आणि शेवटच्या भागात सर्वांत लहान, असं शाळेच्या मुख्याध्यापकांचं निरीक्षण. नोटरीसाहेबांनी तर पॅरिसला एक नवीन पद्धतीचा प्रयोग पाहिला होता. त्यात नायकाला नाक लावलेलंच नव्हतं, ते प्रेक्षकांनी मनानं पाहायचं होतं. तिकीट बरंच महाग होतं, त्यामुळे नोटरीसाहेबांना ते स्पष्ट दिसलं.

आणि या प्रत्येकानं बोलून झाल्यावर माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हटलं, "पण तुम्हाला त्याची काय गरज?"

नाक बनवायला शेवटी दंतवैद्य सारामेआ तयार झाला. साचा घेण्याची विद्या गावात त्याच्या एकट्याकडे. त्यानं मला खुर्चीत आडवं केलं आणि नाकावर प्लास्टर थापलं. नाक बंद, म्हणून मी तोंडानं श्वास घेत होतो. तोंड उघडं दिसलं की या माणसाला राहवत नाही. प्लास्टर वाळेपर्यंत त्यानं माझ्या दोन दाढा तपासल्या आणि एक भरली.

आठवड्यानं नाक तयार झालं. आकार उत्तम होता. पोपट नाही, वांगं नाही, एखाद्या किल्ल्याच्या बुरुजासारखं पुढे आलेलं. पण रंग हिरड्यांचा होता, ओला गुलाबी.

"दुसरा रंग नाही?" मी विचारलं.

"आहे की," सारामेआ म्हणाला. "दातांचा."

कवळीच्याच मसाल्याचं असल्यानं ते कडक होतं, टिचकी मारली की टक्क वाजायचं. शिवाय सारामेआला कुठलंही काम विम्याच्या कागदावर दाखवल्याशिवाय करता येत नाही. नाक असा रकाना त्यात नव्हता, म्हणून त्यानं ते 'संपूर्ण वरची कवळी' म्हणून दाखवलं. आजही सरकारदरबारी माझ्या वरच्या जबड्यात एकही दात नाही.

ओदीलनं तिच्या पावडरींतून रंग जुळवून दिला आणि ते नाक बऱ्यापैकी माझ्या घराण्यातलं दिसायला लागलं. दोऱ्यानं कानामागे बांधायचं ठरलं. इथेच सगळं सुखानं पार पडलं असतं. पण प्रयोग नगरपालिकेच्या हॉलमध्ये होता, आणि हॉलमध्ये काही करायचं तर जिल्हा कचेरीतून अग्निसुरक्षेचा तपासनीस येतो.

मस्यू व्हेर्दिए हा तसा वाईट माणूस नव्हता. करड्या सुटातला, हळू बोलणारा, आणि कुठल्याही वस्तूकडे ती कधी पेटेल या नजरेनं पाहणारा. त्यानं पडदे पाहिले, पुठ्ठ्याची बाल्कनी पाहिली, तलवारी पाहिल्या. मग तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"हे काय आहे?"

"नाक."

"ते दिसतंय. कशात मोडतं ते विचारतोय. वेशभूषा की नेपथ्य?"

"वेशभूषा," मादाम फुर्काद म्हणाल्या.

"वेशभूषा मऊ असते." त्यानं माझी परवानगी न घेता नाकावर टिचकी मारली. टक्क. "कडक वस्तू नेपथ्यात जाते. नेपथ्याला न पेटण्याचा दाखला लागतो. तुमच्या नाटकात मेणबत्त्या आहेत."

"मेणबत्ती माझ्यापासून चांगली लांब असते," मी म्हणालो.

"तुमच्यापासून असेल," व्हेर्दिए म्हणाला. "नाकापासून नाही."

सारामेआला बोलावलं. तो दुखावल्या आवाजात म्हणाला की आजवर त्याच्या एकाही पेशंटची कवळी पेटलेली नाही. व्हेर्दिएनं ते सहानुभूतीनं ऐकून घेतलं, पण तोंडी चालत नाही म्हणाला. दाखला तुलूझच्या प्रयोगशाळेचा हवा. तिथे नाक जाळून पाहतात. पेटलं तर दाखला मिळत नाही. नाही पेटलं तर मिळतो, पण नाक परत देत नाहीत, नमुना म्हणून ठेवून घेतात.

"म्हणजे दाखला असलेलं नाक मला घालायला मिळणारच नाही," मी म्हणालो.

"आजवर कोणी मागितलं नव्हतं," तो म्हणाला. माझी कीव आली असावी, कारण तो आवाज उतरवून पुढे म्हणाला, "खरं सांगू का मस्यू लाबात, ते तुमचं स्वतःचं असतं तर माझा काही संबंधच नव्हता. काढता येतं ती वस्तू. काढता येत नाही तो माणूस. आणि माणसाला अजून तरी दाखला लागत नाही. मी गुरुवारी परत येतो. ओढून पाहीन. निघालं तर वस्तू."

तो गेला. मी दोरा सोडून नाक मुठीत धरून बसलो होतो. तेव्हा इझाबेल बोलली.

इझाबेल म्हणजे आमची नायिका. पेशानं ती गुरांची डॉक्टर आहे. बाल्कनीत उभी राहिली की चांदण्यासारखी दिसते, आणि तालमीला गोठ्यातून सरळ येते. ती म्हणाली, "गाय लंगडायला लागली की आम्ही तिच्या चांगल्या खुराला लाकडाचा ठोकळा चिकटवतो, म्हणजे दुखऱ्या खुरावर भार पडत नाही. त्याचा गोंद माझ्या गाडीत आहे. सहाशे किलोची गाय त्यावर उभी राहते. तपासनीस किती ओढेल?"

"आणि नंतर?" ओदीलनं विचारलं. या सबंध प्रकरणात हा एकच शहाणपणाचा प्रश्न विचारला गेला, आणि तो कोणी ऐकला नाही.

गुरुवारी व्हेर्दिए आला. इझाबेलनं दुपारीच माझं काम उरकलं होतं. गोंद लावताना ती सवयीनं माझ्या मानेवर थोपटत होती, आणि एकदा तर "उभी राहा गं" असंही म्हणाली. व्हेर्दिएनं हातमोजा घातला, नाक चिमटीत धरलं आणि ओढलं. नाक आलं नाही, मी आलो. त्यानं दुसऱ्या हातानं माझं कपाळ मागे ढकलून पुन्हा ओढलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग तो मागे सरला आणि आदरानं म्हणाला, "हे आपलं स्वतःचंच आहे. माझा काही आक्षेप नाही."

मंडळानं टाळ्या वाजवल्या. अभिनयासाठी मला तालमीत मिळालेल्या त्या पहिल्याच टाळ्या.

नाक त्या दिवशी निघालं नाही. दुसऱ्या दिवशीही निघालं नाही. कोमट पाणी झालं, तेल झालं, आर्मान्याक ब्रँडी झाली, तीही आधी बाहेरून आणि मग निराशेनं आतून. मी इझाबेलकडे गेलो.

"गाईचं कसं सुटतं?" मी विचारलं.

"खूर वाढतो, त्याबरोबर ठोकळा आपोआप गळून पडतो."

"आणि नाही पडला तर?"

"तर मोठा चिमटा असतो. पण त्याला दोन माणसं गाईला धरून ठेवावी लागतात." तिनं माझ्याकडे विचारपूर्वक पाहिलं. "तुमची कातडी नवी येईल तसं सुटेल. घाई कशाला, प्रयोगाला हवंच आहे ना?"

प्रयोगाला हवंच होतं. पण प्रयोग अजून लांब होता आणि दुकान रोज उघडायचं होतं. मी आरशापुढे उभं राहून गिऱ्हाइकांना द्यायची उत्तरं तयार केली. हसून सांगायचं, हे नाटकासाठी आहे, मंडळाची अट आहे, कलेसाठी माणसाला काय काय करावं लागतं वगैरे. शुक्रवारी-शनिवारी मी दुकान उघडलंच नाही, सोमवारी ते बंदच असतं, मंगळवारी उघडलं. पहिल्या बाई आल्या, चष्म्याची काडी सैल झाली होती ती घट्ट करून घेतली आणि गेल्या. दुसरे गृहस्थ आले, हवेबद्दल बोलले. नोटरीसाहेब आले, माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मी हसायच्या तयारीत राहिलो.

"केस कापलेत वाटतं," ते म्हणाले.

त्या आठवड्यात मला केस कापले का असं तिघांनी विचारलं, एकानं वजन कमी झालंय का विचारलं, आणि मादाम बेगे म्हणाल्या की मी आताशा बरा दिसतो, चेहऱ्यावर काहीतरी तेज आलंय. चौकात पोलिसानं गाडी थांबवली. परवान्यावरचा फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "फोटोत जरा थकलेले दिसता," असं म्हणून त्यानं परवाना परत केला.

हे नाक मी कशासाठी लावलं होतं? फरक दिसावा म्हणून. आणि फरक कोणाला दिसत नव्हता. कवळीच्या मसाल्याचा आख्खा बुरुज चेहऱ्यावर घेऊन मी गावभर हिंडत होतो आणि गावाच्या मते मी होतो तसाच होतो. मोठं नाक असल्याचं दुःख नाटकात सांगितलं आहे. हे दुःख नाटककाराला सुचलेलं नाही.

फरक कळला तो एका माणसाला. सकाळी दुकानात निघताना ओदील माझ्या गालाचं चुंबन घेते. त्या आठवड्यात रोज आमची टक्कर व्हायची, टक्क. एकदा तर तिचं कपाळ लाल झालं.

"लक्ष कुठे असतं तुझं?" मी चिडून म्हणालो.

"लक्ष कशाला लागतं? सवयीनं होतं ते," ती कपाळ चोळत म्हणाली. "लग्न झाल्यापासून मी मान डावीकडे करते आणि जरा खाली घेते. तुझ्या नाकाला तेवढं पुरतं. याला नाही पुरत."

"तू मान डावीकडे करतेस?"

"मग काय सरळ येऊ?"

मी तसाच दुकानात गेलो. इतकी वर्षं घरात रोज सकाळी ही कसरत चालली होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. त्या संध्याकाळपासून ओदील नाकाच्या कडेनं थंड मलम लावून द्यायला लागली. मलम लावताना ती कधी कधी मला माझी वाक्यंही म्हणायला लावायची. प्रेमाच्या प्रसंगातली वाक्यं तेव्हा चांगली यायची, तालमीत यायची त्याहून चांगली.

प्रयोग रविवारी दुपारी होता. मोंतेराकमध्ये रविवारच्या जेवणानंतर काहीही ठेवणं धोक्याचं असतं, कारण प्रेक्षक बदक आणि वाईन पोटात घेऊन येतो आणि पहिल्या अंकातच मान टाकतो. पण त्या दिवशी हॉल खच्चून भरला होता, कारण प्रादेशिक टीव्हीवाले येणार होते. ते आलेही. एक तरुण बाई माईक घेऊन रंगपटात शिरली, माझी मुलाखत घेतली, मी कलेविषयी बरंच बोललो. शेवटी तिनं घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "छान. आता तुम्ही नाक लावून घ्या, म्हणजे आम्हाला तेही घेता येईल."

मादाम फुर्काद यांनी तपासनीस व्हेर्दिएला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं होतं. पाहुणा म्हणून बोलावलेला अधिकारी पाहुण्यासारखा वागतो, असा त्यांचा हिशेब.

प्रयोग मात्र रंगला. खोटं कशाला बोलू. तलवारीच्या द्वंद्वात माझी तलवार वाकली तर मी तशीच वाकडी चालवली. बाल्कनीच्या प्रसंगात तिएरी एकूण एक वाक्यं विसरला. पण त्या प्रसंगात अंधारात लपून त्याला वाक्यं पुरवायची हेच माझं काम असतं, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. उलट लोकांना ते फार खरं वाटलं. नोटरीसाहेब जागे होते, यावरून काय ते समजा.

मग शेवटचा अंक आला. मठाची बाग, पानगळ, संध्याकाळ. मी जखमी, खुर्चीत टेकलेला. इझाबेल समोर भरतकाम करत बसलेली. बाजूला तिपाईवर एक मेणबत्ती. मी जुनं पत्र वाचतो आणि आवाजावरून तिला कळतं की ती सगळी पत्रं माझीच. हॉल इतका शांत झाला की वरून सोडलेली कागदी पानं जमिनीवर पडल्याचं ऐकू येत होतं. दिव्यांची धग चेहऱ्यावर होती आणि मला दरदरून घाम फुटला होता. इझाबेल म्हणाली होती तशी खालची कातडीही आता नवी आली असावी. मी इझाबेलकडे वळलो, सबंध नाटकातलं सर्वांत नाजूक वाक्य म्हणायला तोंड उघडलं, आणि नाक पडलं.

टक्क.

ते एकदा उडालं, घरंगळत गेलं आणि रंगमंचाच्या कडेशी थांबलं. काहीच आठवेना. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या नाकाला वारा लागत होता. आणि त्या शांततेत मागच्या रांगेतून तिएरीच्या आजीचा आवाज आला. तिला ऐकू कमी येतं, म्हणून ती हळू बोलते तेही सगळ्यांना ऐकू जातं.

"अगं, आत आणखी एक आहे," ती म्हणाली.

मी इझाबेलकडे पाहिलं. तिनं भरतकामात तोंड खुपसलं होतं आणि तिचे खांदे गदगदत होते. ती हसत होती, हे मला वीतभरावरून दिसत होतं. पण हॉलला वाटलं ती रडतेय, आणि दोन-तीन बायकांनी रुमाल काढले.

तेवढ्यात पहिल्या रांगेत व्हेर्दिए उठला. मला त्याच्या डोक्यातलं सगळं दिसत होतं. निघालं, म्हणजे वस्तू. वस्तू, म्हणजे नेपथ्य. दाखला नसलेलं नेपथ्य पेटत्या मेणबत्तीपासून हातभर अंतरावर. कामाला उठताना तो टोपी घालतो, तशी त्यानं घातली, आणि बाजूच्या पायऱ्या चढून सावकाश रंगमंचावर आला. करडा सूट, करडी टोपी, चेहऱ्यावर काही भाव नाही. कॅमेरा त्याच्याकडे वळला. त्यानं वाकून हातरुमालात नाक उचललं. दोन बोटांनी मेणबत्ती विझवली. मग निघायला म्हणून वळला, तर समोर हॉलभर माणसं श्वास रोखून त्याच्याकडे बघत होती.

असं काही त्या माणसाच्या आयुष्यात झालं नसावं. तो जागच्या जागी थांबला. मला पाहिलं, इझाबेलला पाहिलं, हातातल्या नाकाकडे पाहिलं. आणि मग, का कोण जाणे, त्यानं हळूच टोपी काढली.

हॉलमध्ये हुंदका फुटला. रंगमंचाखालच्या प्रॉम्प्टरच्या जागेतून ओदीलचा आवाज आला, अगदी हलका आणि स्पष्ट: "आर्माँ, आता मर."

मी मेलो. इतका मनापासून मी कधीच मेलो नव्हतो.

टाळ्या थांबेनात. पडदा पुन्हा पुन्हा वर गेला आणि प्रत्येक वेळी लोक "करडा सूट, करडा सूट" म्हणत राहिले, तेव्हा मादाम फुर्काद यांनी व्हेर्दिएला हाताला धरून मध्ये उभं केलं. टीव्हीवर माझी मुलाखत दाखवली नाही, त्याची दाखवली. "मी फक्त नियमाप्रमाणे केलं," असं तो म्हणाला, आणि त्यातला नम्रपणा सगळ्यांना फार भावला. वर्तमानपत्रानं लिहिलं की या नाटकाचे इतके प्रयोग झाले, इतके सिनेमे निघाले, पण मृत्यू साध्या करड्या सुटात येतो आणि माणसाचं ओझं रुमालात उचलून घेतो, ही कल्पना मोंतेराकलाच सुचली. मादाम फुर्काद यांनी ते कात्रण हॉलच्या दारावर लावलं. माझ्याबद्दल त्यात एक वाक्य होतं: 'नायकाचं नाक नैसर्गिक वाटलं.' पहिलं की दुसरं, ते लिहिलेलं नव्हतं.

नंतरच्या आठवड्यात दुकानात जो येई तो व्हेर्दिएबद्दल बोलत असे. माझं नाक सोललेलं होतं, त्यावर मोठी पट्टी होती. ती मात्र सगळ्यांना दिसली. काय झालं म्हणून जो तो विचारत होता. मी कोणालाच उत्तर दिलं नाही. मी पुन्हा कधी रंगमंचावर पाऊल ठेवणार नव्हतो. तसं ओदीलला सांगितलंही होतं. "बरं," एवढंच ती म्हणाली, आणि मान डावीकडे करून दुकानात जाऊ दिलं.

अशाच एका सकाळी व्हेर्दिए दुकानात आला. मला वाटलं नाकाचं काहीतरी कागदोपत्री निघालं. तो बराच वेळ चष्म्यांच्या चौकटी बघत राहिला. एक घालून पाहिली, काढून ठेवली. कोपऱ्यात खुर्चीवर एक म्हाताऱ्या बाई डोळ्यांत औषध घालून ते मिटून बसल्या होत्या, त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं तो माझ्याजवळ आला.

"मस्यू लाबात, तुम्ही अनुभवी आहात म्हणून विचारतो. घरी बायकोला विचारलं तर ती हसते." तो अडखळला. "ती टोपी मी जरा लवकर काढली का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. याच माणसानं माझं नाक हातमोजा घालून ओढलं होतं. माझा मृत्यू याच्या नावावर जमा झाला होता. आता तो माझ्यासमोर टोपी दोन्ही हातांत धरून उभा होता, आणि झोप न झालेल्या माणसासारखे त्याचे डोळे सुजले होते. हे डोळे मी ओळखत होतो. पहिली भूमिका मिळाली त्या आठवड्यात आरशात हेच दिसायचे.

नाही हो, अगदी वेळेवर काढलीत, असं म्हणायला काय हरकत होती? पण तो ज्या तऱ्हेनं विचारत होता त्याला खरं उत्तर देणं भाग होतं.

"थोडीशी लवकर," मी म्हणालो.

त्यानं गंभीरपणे मान हलवली. "मलाही तेच वाटलं होतं."

"आधी नाकाकडे पाहायचं. पुरतं पाहायचं. मग नजर वर. मग टोपी."

त्यानं टोपी घातली. मी काउंटरवरची चष्म्याची डबी त्याच्या हातात दिली आणि स्वतः स्टुलावर टेकून डोळे अर्धवट मिटले. त्यानं डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टोपी काढली. हात फार वर जात होता, मी तो धरून खाली आणला. पुन्हा केलं. आता खांदे आखडत होते, ते सैल सोडायला सांगितले. दाराबाहेर कोणीतरी थांबून काचेतून बघत होतं, पण आम्हाला त्याचं काही नव्हतं.

तिसऱ्या खेपेला त्यानं टोपी काढली, तेव्हा कोपऱ्यातल्या बाईंनी डोळे उघडले, आम्हा दोघांकडे पाहिलं, आणि हातातली पिशवी खाली ठेवून हळूच उठून उभ्या राहिल्या.